कोर्स नाशिकला, करार अकरा महिन्यांचा

पत्र थोडक्यात : पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र. नवरा सैन्यात कॅप्टन, मूळचा पायदळातला. आर्मी एव्हिएशनसाठी त्याची निवड झाली आहे आणि हेलिकॉप्टर वैमानिकाच्या प्रशिक्षणासाठी तो नाशिकच्या गांधीनगर तळावर चालला आहे. कोर्स ‘सात-आठ महिन्यांचा, पण पुढेमागे होतो’ एवढंच त्याला सांगितलं गेलंय. त्याची राहायची सोय मेसमध्ये होईल. कुटुंबासाठीच्या क्वार्टरच्या यादीत मात्र नंबर इतका मागे आहे की कोर्स संपेपर्यंत लागेलसं दिसत नाही. लग्नानंतरचा बहुतेक काळ दोघांनी वेगवेगळ्या गावी काढला, म्हणून हे महिने तरी एकत्र राहावं असं तिला वाटतं. आठवड्यातला एखाद-दुसरा दिवस सोडला तर तिला घरून काम करता येतं. पण नाशिकरोडचे दलाल अकरा महिन्यांखाली बोलायला तयार नाहीत. एका मालकांनी ‘मिस्टर राहणारच नाहीत, तर घर कुणासाठी?’ असं विचारलं. दुसऱ्यांना तिने पुण्याहूनच फोन करून, घर न बघता टोकन द्यायची तयारी दाखवली; ‘मिलिटरीतून बोलतेय’ म्हटल्याबरोबर त्यांनी फोन ठेवला. नवरा म्हणतो, ‘कशाला एवढा खटाटोप, पुण्यातच राहा.’ सासूबाई म्हणतात, ‘घर घेतलंस तर मी येते सोबतीला.’ तिचा प्रश्न असा : तळाच्या गेटजवळ, कोर्सच्या तारखांना जुळणारं, कमी मुदतीचं घर कसं मिळवू?

नमस्कार.

आधी त्या अकरा महिन्यांचा निकाल लावू, कारण तुम्ही अडलात तिथंच आणि सुटायलाही तेच सगळ्यांत सोपं आहे. अकरा महिने ही लोकांची सवय आहे, कायद्याची अट नव्हे. देशाच्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. तो खर्च आणि कचेरीच्या चकरा वाचवायच्या म्हणून बारातला एक महिना कापायची रीत पडली. महाराष्ट्रात ही पळवाट केव्हाच बंद झाली. भाडे नियंत्रण अधिनियम 1999, कलम 55 : लिव्ह अँड लायसन्सचा करार चार महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणी करून घेणं ही जबाबदारी घरमालकाची, आणि ती न केल्यास पाच हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे नाशिकमधला मालक अकरा महिन्यांचा करार करून काहीही वाचवत नाही. सहा महिन्यांच्या करारालाही तेच सोपस्कार, फक्त मुद्रांक शुल्क कमी. समजा भाडं पंधरा हजार, अनामत तीस हजार, मुदत सहा महिने. एकूण भाडं अधिक अनामतीवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या रकमेच्या 0.25 टक्के शुल्क लागतं; ते अडीचशे रुपयांच्याही आत राहतं. वर महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. करार ऑनलाइन होतो, आधारवर अंगठा उमटवून. एजंट यंत्र घेऊन घरी येतो, मालक आणि तुम्ही वेगवेगळ्या ठिकाणी असलात तरी चालतं.

मग मालक अकरालाच का चिकटून असतात? कारण त्यांना भीती घर रिकामं पडण्याची असते. भाडेकरू गेला की रंगकाम, पुन्हा दलाल, पुन्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांना घर दाखवणं, आणि मध्ये एक-दोन महिने भाडं बुडतं. दलालाचं गणित त्याहून सरळ आहे : अकरा महिन्यांच्या घराला एक महिन्याचं भाडं दलाली हा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का बसलेला, त्यामुळे कमी मुदतीचं गिऱ्हाईक म्हणजे अर्ध्या पैशाचं काम. तुम्ही त्यांना कायदा ऐकवलात तर खरं ठराल, पण घर मिळणार नाही. त्यांच्या भीतीला उत्तर द्या. ‘घर सहा महिन्यांसाठी हवंय, पहिले तीन महिने सोडणार नाही, जाण्याआधी पूर्ण महिनाभराची सूचना देईन आणि त्या महिन्यात नवा भाडेकरू घर बघायला आला तर दार उघडीन’ असं सांगा. हे शेवटचं वाक्य मालकाला फार आवडतं. भाडं हजारभर जास्त द्यावं लागलं तर द्या. न लागणाऱ्या चार महिन्यांच्या भाड्यापुढे ती रक्कम काहीच नाही.

आणि मालक अकराच्या खाली येतच नसतील, घर मात्र मनासारखं असेल, तर अकराचा करार करायलाही माझी हरकत नाही. मुदत किती यापेक्षा बाहेर पडायचं दार कुठं आहे हे महत्त्वाचं. ‘लॉक-इन’ (म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो) किती महिन्यांचं आणि त्यानंतर सूचना किती दिवसांची, या दोन ओळी आधी वाचा, बाकीचा मसुदा नंतर. त्यात आणखी एक कलम घालून घ्या, साधारण अशा शब्दांत (परवानाधारक म्हणजे घर घेणाऱ्या तुम्ही) : ‘परवानाधारकाच्या जोडीदाराचे प्रशिक्षण मुदतीआधी संपल्यास, थांबल्यास किंवा त्याची अन्यत्र बदली झाल्यास, परवानाधारक तीस दिवसांची लेखी सूचना देऊन हा करार संपवू शकेल, अशा वेळी लॉक-इन लागू राहणार नाही व अनामत रक्कम ताबा देतानाच परत केली जाईल.’ हे लिहूनच घ्यायला हवं, कारण ते तुम्हाला आपोआप मिळत नाही. अमेरिकेत 2003 च्या कायद्याने सैनिकाला बदलीचा हुकूम दाखवून भाडेकरार मुदतीआधी मोडता येतो. आपल्या भाडे नियंत्रण कायद्यातही सैनिकासाठी वेगळं कलम आहे, तेविसावं, पण ते घरमालक असलेल्या सैनिकाला स्वतःचं घर परत मिळावं म्हणून. भाडेकरू सैनिकाचा विचार त्यात नाही. यातूनच एक वाट निघते. नाशिकरोड-देवळाली पट्ट्यात निवृत्त फौजींची घरं पुष्कळ आहेत. बदलीच्या कलमावर त्यांच्याशी वाद घालावा लागत नाही, ते स्वतः त्यातून गेलेले असतात. दलालाला पहिल्याच वाक्यात सांगा, मालक माजी सैनिक असला तर उत्तम.

आता थोडं अवघड. तुम्हाला ‘कोर्सच्या तारखांना जुळणारं’ घर हवंय. कोर्सला तारखा असतात खऱ्या, पण त्या कागदावर. या प्रशिक्षणात चेतक आणि चीता ही हलकी, एका इंजिनाची हेलिकॉप्टरं वापरात आहेत. ढग खाली आले, समोरचं दिसेनासं झालं की सॉर्टी, म्हणजे त्या वेळचं उड्डाण, रद्द. नाशिकचा जून ते सप्टेंबर कसा असतो हे पुण्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. राहिलेल्या सॉर्टी पुढच्या चांगल्या दिवसांवर चढत जातात, एखादी चाचणी पुढे ढकलली जाते, एखादं हेलिकॉप्टर दुरुस्तीला जातं. यातलं काहीच तुमच्या हातात नाही, आणि त्याच्याही नाही.

दुसरी एक शक्यता घरात कुणी उच्चारत नसेल, म्हणून मीच उच्चारते. उड्डाणाच्या प्रशिक्षणातून काही जण मध्येच बाहेर पडतात. कधी वैद्यकीय कारणाने, कधी हात बसत नाही म्हणून. असा अधिकारी आपल्या मूळ युनिटला परत जातो आणि पुढे चांगली कारकीर्द करतो. पण ते आठवडे जड जातात, आणि त्याच आठवड्यांत तुम्हाला मालकाशी अनामतीवरून भांडावं लागू नये. वरच्या कलमात मी ‘थांबल्यास’ हा शब्द मुद्दाम घातलाय. तो काढू नका, आणि नवऱ्याला मसुदा दाखवताना त्यावर फार चर्चाही करू नका. त्याला तो दिसेल आणि कळेल.

‘गेटजवळ’ या हट्टाकडेही जरा पुन्हा बघा. गेटजवळ राहिल्याने तो लवकर घरी येईल असं तुम्ही गृहीत धरलंय. विद्यार्थी अधिकाऱ्याचा दिवस हवामानाच्या ब्रीफिंगने पहाटे सुरू होतो. दुपारी वर्ग, संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या उड्डाणाची तयारी, कोर्सच्या पुढच्या टप्प्यात रात्रीची उड्डाणं. मेसबाहेर राहायची परवानगी मिळते की नाही, कधी मिळते, कुठल्या टप्प्यानंतर मिळते, हे तिथले वरिष्ठ ठरवतात. ती लेखी हातात येईपर्यंत ‘आम्ही दोघं राहणार’ असं मालकाला सांगू नका, आणि स्वतःलाही नको. सुरुवातीचे काही आठवडे तो फक्त रविवारी येईल, कदाचित तेही जेवून झोपण्यापुरतं, हे धरून चाला. उड्डाणाआधीची झोप हा त्याच्या कामाचाच भाग आहे. रविवारी दुपारी दोन वाजता पडदे ओढून झोपलेल्या नवऱ्यावर चिडायचं नाही, एवढी तयारी असेल तरच हे घर घ्या.

म्हणून ज्या मालकांनी तुम्हाला ‘घर कुणासाठी?’ असं विचारलं, त्यांचा प्रश्न खोचक असला तरी अगदीच वावगा नव्हता. उत्तर आहे : तुमच्यासाठी. आठवड्यातले सहा दिवस त्या घरात तुम्ही असणार आहात, लॅपटॉपसमोर. तेव्हा घर आधी तुमच्या कामाला बरोबर पडलं पाहिजे. विद्यार्थी वैमानिक दिवसभर एकाच आकाशात घिरट्या घालत असतात. तळाला लागून वरच्या मजल्यावरचं घर घेतलंत तर मीटिंगमध्ये दर पाच मिनिटांनी आवाज बंद करावा लागेल. घर बघायला कामाच्या दिवशी सकाळी जा, रविवारी नको. रविवारी सगळी घरं शांत असतात. तुमचा फोन, तुमचं सिम घेऊन बेडरूममध्ये उभं राहून एक व्हिडिओ कॉल लावून बघा. पाणी किती वाजता येतं, लिफ्टला बॅटरी आहे का, हे वॉचमनला विचारा. मालक सांगतात ते वेगळं असतं.

जागांबद्दल थोडं, कारण बाहेरगावच्या माणसाला इथं हमखास चकवा बसतो. नाशिकमध्ये ‘मिलिटरीजवळ’ म्हटलं की दलाल तुम्हाला देवळाली कॅम्पला नेतो. तिथं तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. ‘एअरफोर्सजवळ’ म्हटलंत तर देवळाली साउथ किंवा थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला ओझर. तुमचा तळ गांधीनगरचा, नाशिक-पुणे रस्त्यालगत, द्वारका चौक आणि नाशिकरोडच्या मधला. त्याच्या आसपास उपनगर, जेलरोड, अशोका मार्ग, डीजीपीनगर असे भाग येतात. देवळाली कॅम्प हिरवागार आहे, जुने बंगले आणि सॅनिटोरियम आहेत, पंधरा दिवस राहायला सुंदर. पण रोजच्या धावपळीला लांब. द्वारकेच्या पलीकडे, म्हणजे शहराच्या बाजूला, घर घेताना त्या चौकातली संध्याकाळची गर्दी एकदा स्वतः अनुभवा. तुमच्या बाबतीत मी तळापासूनचं अंतर मोजण्याऐवजी पुण्याची बस कुठं थांबते ते बघेन. आठवड्यातून एखाद्या दिवशी तुम्हाला ऑफिस गाठायचंय आणि पुणे-नाशिक थेट रेल्वेमार्ग नाही. नाशिकरोडच्या बाजूला राहिलात तर पहाटे शहर पार करून यावं लागत नाही.

नवऱ्याच्या ‘कशाला खटाटोप’वर येते. तुम्ही ते नकार म्हणून ऐकलंय असं पत्रावरून वाटतं. मला त्यात दुसरं काही ऐकू येतं. त्याला बहुधा माहीत आहे की पहिले दोन महिने तो तुम्हाला वेळ देऊ शकणार नाही, आणि तुम्ही त्याच्यासाठी नोकरीची ओढाताण करून आलात की त्या अपराधीपणाचं ओझंही त्याच्या डोक्यावर बसेल. असं असेल का, ते त्यालाच विचारा. ‘मी येऊ का?’ असं विचारू नका, त्यावर तो ‘नको’च म्हणेल. ‘मी नाशिकहून काम करणार आहे, तू जमेल तेव्हा ये. नाही आलास तर मी जेवून झोपेन. यात तुला काय जड जाईल?’ असं विचारा. उत्तर वेगळं येईल. पुण्यातच राहून शनिवार-रविवार जाणं हा पर्यायही मी वाईट मानत नाही. दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, बसने पाच-एक तास. पण त्याची सुट्टी ऐन शनिवारी रद्द झाली की तुमचा अख्खा आठवडा कडवट होतो. नाशिकला असलात तर बुधवारी रात्री नऊला अचानक आलेला एक तासही पदरात पडतो. माझा कौल घराच्या बाजूने आहे, तो या बुधवारच्या तासासाठी.

पण लगेच नाही. तो दाखल झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे जाऊ द्या. तोवर वेळापत्रक कळेल, मेसबाहेर राहण्याच्या परवानगीचं चित्र स्पष्ट होईल, आणि सगळ्यांत कामाचं म्हणजे कोर्समेटच्या घरच्यांशी ओळख होईल. आधीच्या कोर्सचं एखादं कुटुंब घर सोडणार असतं. ते घर, तो मालक, आणि जाता जाता विकायला काढलेला फ्रिज असा सगळा संसार आयता मिळू शकतो. फौजी वर्तुळात ही देवाणघेवाण कुठल्याही ॲपपेक्षा जलद चालते. स्टेशन हेडक्वार्टरमध्ये क्वार्टरच्या यादीतलं नाव मात्र काढू नका. यादी कधीकधी अचानक सरकते. या मधल्या आठवड्यांत नाशिकला जाल तेव्हा एखाद्या साध्या हॉटेलात किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहा आणि घरं बघून घ्या. हे लांबवूही नका. 2027 मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे, आणि तो जवळ येईल तसतशी कमी मुदतीची घरं यात्रेकरूंसाठी रोजच्या दराने देण्याचा मोह मालकांना पडणार. करारात ‘मालकास मुदतीआधी ताबा मागता येणार नाही’ ही ओळ आहे ना, तेही बघा.

फोन ठेवून देणाऱ्या त्या मालकांवर रागावू नका. ‘मी आर्मीतून बोलतोय, बदली झाली आहे, घर न बघताच पसंत आहे, ॲडव्हान्स लगेच पाठवतो’ ही गेल्या काही वर्षांतली ठरलेली फसवणूक आहे. खोटं ओळखपत्र पाठवतात, मग क्यूआर कोड स्कॅन करायला लावतात आणि पैसे यायच्या ऐवजी मालकाच्याच खात्यातून जातात. तुम्ही पुण्याहून फोन करून, घर न बघता, टोकन द्यायची तयारी दाखवलीत. हुबेहूब तेच झालं. यापुढे फोनवर ‘मिलिटरी’ हा शब्द काढूच नका. ‘मी पुण्याच्या कंपनीत काम करते, शनिवारी घर बघायला येते’ एवढं पुरे. समोरासमोर बसल्यावर बाकीचं सांगा. उलट बाजूही आहे : घर न दाखवता टोकन मागणारा ‘मालक’ भेटला तर एक रुपयाही पाठवू नका, आणि पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. नवऱ्याच्या ओळखपत्राचा फोटो कुणालाही व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही. हेच फोटो पुढे असल्या फसवणुकीत फिरतात. मालकाला, दलालाला कागद लागतात ते तुमचे : आधार, पॅन, कंपनीचं पत्र.

कारण करार तुमच्याच नावावर करा असं मी सुचवणार आहे. राहणार तुम्ही, पगाराचा पुरावा तुमच्याकडे, अंगठा द्यायला मोकळ्या तुम्ही. तो ऐन सॉर्टीच्या दिवशी एजंटसमोर कुठून येणार? नोंदणीकृत करार हातात असला की ब्रॉडबँडपासून पोलिसांकडच्या भाडेकरू नोंदीपर्यंत सगळं सुरळीत होतं. ती नोंद मालकाने करायची असते, पण झाली की नाही ते तुम्ही पाहा. पैशाचंही बघून घ्या. तुम्हाला कंपनीकडून घरभाडे भत्ता मिळत असेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर हे भाडं तुम्ही दाखवू शकता. वर्षाचं भाडं लाखावर गेलं तर मालकाचा पॅन लागतो. नवऱ्याच्या घरभाडे भत्त्याचा प्रश्न निराळा. सातव्या वेतन आयोगाच्या वर्गवारीत नाशिक ‘वाय’ शहर आहे आणि महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेल्यापासून तिथला दर मूळ वेतनाच्या वीस टक्के आहे. पण मेसमध्ये खोली असलेल्या, कोर्सवर आलेल्या अधिकाऱ्याला तो लागू होईल की नाही हे त्याच्या हुकुमात ‘बदली’ लिहिलंय की ‘तात्पुरती ड्यूटी’ यावर ठरतं. ते त्याने आधी विचारून घ्यावं. तोवर तो भत्ता मिळणारच नाही असं धरून अंदाजपत्रक मांडा. आणि दोघांनी एकाच भाड्यावर सवलत घ्यायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

सामान कमीत कमी न्या. गादी, टेबल, चांगली खुर्ची, इंडक्शन शेगडी. गॅस हवाच असेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, त्यासाठी पत्त्याचा पुरावा लागत नाही. कपाटं, सोफा हे सगळं पुण्यातच राहू द्या. पुढची बदली कुठं होईल कुणास ठाऊक, आणि ट्रकचं भाडं घरभाड्यापेक्षा जास्त होतं.

सासूबाईंचं म्हणाल, तर त्यांच्या ‘मी येते’ मागे माया आहे आणि थोडी काळजीही : सून एकटी राहणार. त्यांना पहिल्या महिन्यात बोलावू नका, आणि ‘येऊ नका’ असंही म्हणू नका. ‘आई, घर लागलं की तुम्ही या आणि आठ दिवस राहा’ असं म्हणा, महिना तुम्हीच ठरवा. एक सांगून ठेवते. नाशिकमध्ये घर घेतलं की त्र्यंबकेश्वर, वणी आणि शिर्डीला जाणाऱ्या सगळ्या नातेवाइकांचा मुक्काम आपोआप तुमच्याकडे पडतो. चुलत सासरे ‘एकच रात्र’ म्हणून येतील. एका बेडरूमचं घर घ्या. त्यात पाहुणे आपोआप मावत नाहीत आणि कुणाचं मन मोडावं लागत नाही. रात्रीच्या उड्डाणाहून येऊन सकाळी झोपणाऱ्या माणसाच्या घरात पाहुणचार झेपत नाही, हे सासूबाईंनाच समजावून सांगा. बाकीच्यांना थोपवण्याचं काम मग त्या तुमच्यापेक्षा चोख करतील.

गच्चीतून हेलिकॉप्टर दिसतात म्हणून फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. त्याचं वेळापत्रक, कोर्समेटची नावं, पहिल्या सोलोची, म्हणजे एकट्याने केलेल्या उड्डाणाची, तारीख हे सगळं घरातच. शेजारी उत्साहाने विचारतील. हसून विषय बदला.

हेच पत्र थोड्या फरकाने मला इतरही लिहितात. बिदरला किंवा हकीमपेटला हवाई दलाच्या प्रशिक्षणात असलेल्यांचे आईवडील, अरक्कोणमला नौदलाच्या हेलिकॉप्टर कोर्सवर असलेल्याची बायको, बारामती-गोंदियाला नागरी वैमानिक होण्यासाठी गेलेल्या मुली. त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की वर सांगितलेला नोंदणीचा नियम महाराष्ट्राचा आहे. कर्नाटक, तेलंगण, तमिळनाडूत करार तिथल्या कायद्याने होईल, अनामतीची पद्धतही वेगळी असेल. बाकी हवामान, झोप आणि सरकणाऱ्या तारखा सगळीकडे सारख्याच. आणि पत्र नेहमी बायकोचंच असायला हवं असं नाही. 2022 मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक याच नाशिकच्या तळावर विंग्ज (वैमानिकाचा बिल्ला) मिळवून आर्मी एव्हिएशनच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या. त्यामुळे एखाद्या नवऱ्याला लॅपटॉप घेऊन उपनगरला घर शोधावं लागत असेल तर त्यानेही हेच सगळं करावं, पाहुण्यांच्या परिच्छेदासकट.

शेवटी घर सोडण्याचं, कारण तिथं घाईत पैसे अडकतात. राहायला जाल त्याच दिवशी विजेच्या मीटरचा आकडा, भिंतींवरचे डाग, नळ आणि खिडक्या यांचे तारखेसह फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. महिन्याची सूचना विंग्जच्या परेडची तारीख ऐकून देऊ नका, ती सरकू शकते. नेमणुकीचा हुकूम हातात आल्यावरच द्या, आणि पंधरा-वीस दिवसांचं भाडं जास्तीचं गेलं तर जाऊ द्या. मालकांशी बोलून मुदत वाढवावी लागली तर नुसत्या तोंडी शब्दावर राहू नका. करार पुन्हा नोंदवा. हजार रुपये आणि थोडं शुल्क, एवढाच खर्च आहे. मुदत संपूनही तुम्ही तिथंच राहिलात, तर कलम 24 प्रमाणे मालक दुप्पट भाड्याने भरपाई मागू शकतात. परेडच्या दिवशी दोन्हीकडचे आईवडील येतील तेव्हा घर तुमच्याकडे असू द्या. सामानाचा ट्रक दुसऱ्या दिवशीचा सांगा.